सबब नसलेला आदेश

ऑगस्ट २०२५च्या पहिल्या आठवड्यात एकच फोटो माझ्या फोनवर चार ग्रुपमधून आला. भाजपच्या महाराष्ट्र शाखेच्या लेटरहेडवरचं प्रवक्त्यांच्या नेमणुकीचं पत्र, त्यातल्या एका नावाभोवती लाल वर्तुळ. आरती साठे. खाली कुणीतरी लिहिलं होतं की याच आता मुंबई हायकोर्टाच्या न्यायाधीश होणार. रिसोडच्या ग्रुपांवर त्या दिवसांत सोयाबीन, पाऊस आणि नगरपालिकेचं तिकीट कुणाला, एवढंच चालू होतं. हायकोर्टाचा जज हा विषय तिथे मी पहिल्यांदाच पाहिला.

आई शेजारी गहू निवडत होती. तिनं फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, आपला जज कोनाचा हाय?"

आईच्या प्रश्नामागे अकरा एकराचं शेत आहे. आजोबांच्या जमिनीत तिनं हिस्सा मागितला, भावांनी दिला नाही. दावा झाला, अपील झालं, आता दुसरं अपील वरच्या कोर्टात आहे. माझा मामेभाऊ एका पक्षाचं काम करतो आणि त्या वेळी पालिकेच्या तिकिटासाठी रोज कुणा ना कुणाच्या गाडीत असायचा. तेव्हा 'कोनाचा' या शब्दाचा अर्थ आमच्या घरात अगदी नेमका आहे. मी तिला म्हटलं, जज कुणाचा नसतो. तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि काही बोलली नाही.

मी एरवी कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिते. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण त्या आठवड्यात या वादावर जे जे बोललं गेलं ते ऐकताना वाटत राहिलं की मूळ कागद फार थोड्यांनी वाचलेत. म्हणून मी ते काढून वाचले, जशी एखादी कथा वाचते तसे. काय लिहिलंय, काय गाळलंय, वाक्य कुठे थांबतं हे बघत.

आधी घडलं ते थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं २८ जुलै २०२५च्या बैठकीत मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावं मंजूर केली. अजित कडेठाणकर, आरती साठे आणि सुशील घोडेस्वार. साठे फेब्रुवारी २०२३मध्ये प्रदेश भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या, आणि जानेवारी २०२४मध्ये त्यांनी पद आणि पक्षाचं सदस्यत्व दोन्ही सोडलं होतं. आमदार रोहित पवारांनी ते लेटरहेड लोकांसमोर टाकलं. पात्रतेबद्दल आपला आक्षेप नाही, पण सत्ताधारी पक्षाची बाजू जाहीरपणे मांडणारी व्यक्ती न्यायाधीश होणं हा लोकशाहीवरचा आघात आहे, असं त्यांचं म्हणणं. भाजपचं उत्तर असं की राजीनामा होऊन दीड वर्ष झालं, आता त्यांचा पक्षाशी संबंध नाही, आणि निवड न्यायाधीशांनीच केली आहे. नेमणुका ऑगस्टमध्येच झाल्या.

वेळ बघा. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ला वर्षानुवर्षं रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं होतं. त्या तेवढ्यात झाल्या नाहीत, डिसेंबर उजाडला, पण ऑगस्टमध्ये सगळे पक्ष तयारीला लागलेले होते. आमच्याकडे प्रभागाची हद्द चुकली, आरक्षण चुकलं असं कुणाला वाटलं की तो नागपूर खंडपीठाकडे धावतो. आमदार-खासदाराच्या निवडीला आव्हान द्यायचं तर १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निवडणूक याचिका ऐकण्याचं काम उच्च न्यायालयाचंच. १२ जून १९७५ला इंदिरा गांधींची निवड रद्द केली ती अलाहाबाद उच्च न्यायालयातल्या एका न्यायाधीशानं, जगमोहनलाल सिन्हा यांनी, अशाच एका याचिकेत. निवडणूक जवळ आली की हायकोर्टाच्या खुर्चीकडे राजकारण्यांचं लक्ष का जातं, याला यापेक्षा वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आता कागद.

२८ जुलैचं निवेदन एका वाक्याचं आहे. अमुक तारखेच्या बैठकीत पुढील वकिलांना न्यायाधीश नेमण्याचा प्रस्ताव मंजूर करण्यात आला. मग तीन नावं. संपलं. कोण आहेत, काय काम केलंय, कुणाचं मत घेतलं, कुठली माहिती तपासली, काही नाही. साठे पक्षाच्या प्रवक्त्या होत्या हे कॉलेजियमला माहीत होतं का? माहीत असणारच. मग त्याचा विचार करून तो मुद्दा बाजूला ठेवला, की विचारच झाला नाही? या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि निवेदनातून दोन्हींपैकी काहीही वाचता येतं.

याच उच्च न्यायालयाबद्दलचा दुसरा कागद १८ जानेवारी २०२३चा. सोमशेखर सुंदरेसन या मुंबईतल्या वकिलाचं नाव कॉलेजियमनं १६ फेब्रुवारी २०२२ला सुचवलं होतं. केंद्र सरकारनं नऊ महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला, ते परत पाठवलं. आक्षेप असा की कोर्टात चालू असलेल्या विषयांवर या गृहस्थांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली आहेत. कॉलेजियमनं पुन्हा तेच नाव पाठवलं, आणि या वेळी का ते लिहिलं. सरकारचा आक्षेप काय ते आधी मांडलं. मग एकेक मुद्द्याला उत्तर. मत मांडण्याचा हक्क घटनेनं सगळ्या नागरिकांना दिला आहे. माणूस लायक, गुणी आणि सचोटीचा असेल तर मत मांडल्यामुळे तो घटनात्मक पदाला अपात्र होत नाही. तो पूर्वग्रहदूषित आहे असा निष्कर्ष त्याच्या लिखाणातून निघत नाही. आणि पुढे आणखी एक गोष्ट: त्याच्या लिखाणावरून त्याचे कुठल्या कट्टर विचारसरणीच्या पक्षाशी लागेबांधे दिसतील असं काही समोर आलेलं नाही.

हे शेवटचं विधान मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुद्दाम लिहिलंय ते. कुणी विचारलं म्हणून असेल, पण लिहिलंय. म्हणजे जानेवारी २०२३मध्ये कॉलेजियमच्या लेखी पक्षाशी लागेबांधे ही तपासण्यासारखी आणि तपासलं असं सांगण्यासारखी बाब होती. अडीच वर्षांनी जिच्याकडे पक्षाचं पदच होतं अशा व्यक्तीचं नाव आलं तेव्हा त्यावर एक शब्द नाही. मला इथे साठ्यांना दोष द्यायचा नाही. त्यांची अनेक वर्षांची वकिली आहे, कर कायद्यातलं काम आहे, कायद्यानं लागणारी पात्रता आहे. त्यांच्याबद्दल जे लिहायला हवं होतं ते त्यांनी लिहायचं नव्हतं. उलट चार ओळी लिहिल्या असत्या तर त्या लाल वर्तुळासमोर त्यांच्या हातात काहीतरी असतं.

सुंदरेसन यांची अधिसूचना शेवटी नोव्हेंबर २०२३मध्ये निघाली. पहिल्या शिफारशीपासून एकवीस महिने. साठे यांची शिफारशीनंतर तीन आठवड्यांच्या आत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की राग येतो, मलाही आला. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. साठ्यांसोबतच्या दोन्ही नावांनाही तेवढाच वेळ लागला, तेव्हा घाई त्यांच्या एकट्यासाठी झाली असं म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच की कुठली फाईल किती दिवस टेबलावर ठेवायची हे सरकार ठरवतं. कॉलेजियमनं नाव दुसऱ्यांदा पाठवलं तर ते मानावं लागतं, पण ते किती दिवसांत मानायचं, याचं बंधन सरकार पाळतंच असं नाही. या फटीतून बरंच काही आतबाहेर होतं.

रिसोडच्या कोर्टाजवळ एक टायपिंगवाले काका बसतात. पूर्वी मशीन होतं, आता संगणक आणि प्रिंटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. मी दोन्ही कागदांच्या प्रती त्यांच्याकडून काढून घेतल्या आणि सोबत मी केलेलं मराठी रूपांतरही. काकांनी जुलैचा कागद उलटून पाहिला. मागे कोरा. म्हणाले, "याच्यात सबब कुठं हाय?"

काका कोर्टाचं मराठी बोलत होते. तालुक्यातला कुठलाही आदेश काढून बघा. वर 'वाचले' म्हणून कागदपत्रांची यादी, मग मुद्दे, मग निष्कर्ष, मग कारणमीमांसा, आणि शेवटी 'सबब' हा शब्द येऊन आदेश. फेरफार नामंजूर करायचा तरी तलाठ्याच्या वरचा अधिकारी कारण लिहितो. वाईट लिहितो, छापील लिहितो, पण लिहितो, कारण न लिहिलेला आदेश अपिलात टिकत नाही हे त्याला माहीत असतं. आणि हा दंडक घालून दिलाय तो सर्वोच्च न्यायालयानंच. क्रांती असोसिएट्सच्या २०१०च्या निकालात कारणं देणं का आवश्यक आहे याची लांबलचक यादीच आहे.

सबब हा मजेशीर शब्द आहे. अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ कारण. कचेरीच्या मराठीत तो 'म्हणून' झाला. घरात मात्र 'सबबी सांगू नकोस' म्हणजे खोटी कारणं देऊ नकोस. एका शब्दात आपण कारणावरचा विश्वास आणि अविश्वास दोन्ही साठवून ठेवलेत. या वादात दोन्ही पक्षांनी घरातलीच सबब वापरली.

एकीकडून निघतं ते बहरुल इस्लाम यांचं नाव. न्यायाधीशाच्या पक्षाचा प्रश्न आला की ते हमखास निघतं आणि निघायलाही हवं. काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, १९७२मध्ये ती जागा सोडून गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश, १९८०मध्ये निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेमणूक, आणि १९८३च्या जानेवारीत राजीनामा, तो लोकसभेचं काँग्रेसचं तिकीट घेण्यासाठी. राजीनाम्याच्या महिनाभर आधीच बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांना दिलासा देणाऱ्या निकालात ते होते. दुसरीकडून अभिजित गंगोपाध्याय यांचं नाव येतं. मार्च २०२४मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाचा राजीनामा, दोन दिवसांत भाजप, मग तामलुकची खासदारकी. तुमचा इस्लाम, आमचा गंगोपाध्याय. हिशेब बरोबरीत सुटला की दोघेही गप्प, आणि ज्याचं अपील पडून आहे तो होता तिथेच.

गंमत अशी की उलट्या दिशेची उदाहरणं कुणीच काढत नाही. के. एस. हेगडे १९५७पर्यंत काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, मग म्हैसूर उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. पुढे १९७३मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं ज्यांना डावललं त्या तिघांत शेलट आणि ग्रोवर यांच्यासोबत हेच होते. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. २४ जून १९७५ला पंतप्रधानांना पूर्ण स्थगिती नाकारून फक्त सशर्त स्थगिती देणारे न्यायाधीश तेच. राजकारणातून आलेला माणूस न्यायाधीश म्हणून कसा निघेल हे लेटरहेड पाहून कळत नाही. म्हणूनच लेटरहेडवर चर्चा थांबणं मला अपुरं वाटतं, रोहित पवारांचा प्रश्न रास्त असूनही.

आणि हे आमच्या विदर्भात तरी नवं वाटायला नको. ही शिफारस करणाऱ्या कॉलेजियमचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे. वडील दादासाहेब गवई रिपब्लिकन पक्षाचे नेते, विधान परिषदेचे सभापती, पुढे राज्यपाल. फेब्रुवारी २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयासाठी व्हिक्टोरिया गौरी यांच्या नेमणुकीला असाच आक्षेप आला होता, त्याही भाजपच्या पदाधिकारी होत्या. तो अर्ज न्या. संजीव खन्ना आणि न्या. गवई यांच्यासमोर आला. तेव्हा गवईंनी बाकावरूनच सांगितलं की आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, पण वीस वर्षांत ती कधी आड आली नाही. मला हे प्रामाणिक वाटलं. पण नीट पाहिलं तर हा पुरावा नाही, ही एका माणसाची स्वतःबद्दलची ग्वाही आहे. अर्ज त्याच दिवशी फेटाळला, कारणं तीन दिवसांनी आली. त्यात भेद असा केला आहे: पात्रता कोर्ट तपासू शकतं, योग्यता नाही, योग्यता बघणं हे कॉलेजियमचं काम. ठीक. मग कॉलेजियमनं ती कशी बघितली ते त्यानं तरी सांगावं. ते सांगत नाही आणि दुसऱ्याला विचारता येत नाही.

इथे मला आपल्या मराठी वाचणाऱ्यांचं थोडं उट्टं काढायचंय. न्यायाधीश म्हटलं की आपल्या डोक्यात रामशास्त्री प्रभुणे येतात. राघोबादादाला नारायणरावाच्या खुनाबद्दल देहान्त सांगणारा आणि पुणं सोडून जाणारा तो ताठ माणूस. प्रभातनं १९४४मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, अग्रलेखांत अजून 'रामशास्त्री बाणा' येतो. पण रामशास्त्र्यांची गोष्ट ही माणसाच्या कण्याची गोष्ट आहे. त्यांना नेमलं कुणी, कसं पारखलं, दुसरं कोण रांगेत होतं, हे आपल्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. रामशास्त्री मिळाले तर नशीब, नाही मिळाले तर नशीब. प्रक्रियेबद्दल आपली कल्पनाशक्ती मुकीच राहिली.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी बघा. २०१४चा. नागपूरचे वीरा साथीदार त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झालेत. वकिलामागे कॅमेरा त्याच्या घरी जातो, सरकारी वकिलामागे तिच्या घरी जातो, आणि शेवटी सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशामागेही जातो. रिसॉर्टवर, नातेवाइकांत, झोपेत. न्यायाधीशाला कोर्टाबाहेर काय श्रद्धा आहेत, काय समजुती आहेत, हे इतक्या शांतपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला आठवत नाही. तरी तोही या प्रश्नापाशी थांबतो: हा माणूस त्या खुर्चीत आला कसा?

या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ गेलं ते १९६७चं नाटक, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तिथे खुर्ची खोटी आहे, नाटकमंडळींनी मांडलेली. काशीकर त्यात न्यायाधीश होऊन बसतात, कारण मंडळींत ते मोठे, बोलघेवडे, समाजकार्याचा शिक्का असलेले. कुणी त्यांना निवडलेलं नाही, कुणी हरकत घेतलेली नाही. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. काशीकर खुर्चीवरून उठून स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, बेणारेबाईंविरुद्ध सांगायचं ते सांगतात आणि परत जाऊन निकाल द्यायला बसतात. प्रेक्षक हसतात, मग हसू थांबतं. मला वाटतं, लोकांना न्यायाधीशाच्या राजकीय भूतकाळाची जी भीती वाटते ती नेमकी हीच. खुर्चीतला माणूस कधी पिंजऱ्यातला होईल सांगता येत नाही, आणि दोन्हीतलं अंतर राखायला खोलीत कुणी नाही.

याच्या उलट भीतीही असते, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. नेमलेल्या न्यायाधीशाला काढता येत नाही, हे अर्धसत्य आहे. वकिलीतून आलेले बहुतेक जण आधी 'अतिरिक्त न्यायाधीश' होतात, घटनेच्या कलम २२४प्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मग कायम होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर ९४ पदांपैकी २३ अशी अतिरिक्त आहेत. आणीबाणीत या दोन वर्षांचा उपयोग कसा झाला हे शहा आयोगानं नोंदवून ठेवलं. स्थानबद्धांच्या बाजूनं गेलेल्या दोन अतिरिक्त न्यायाधीशांना कायम केलं नाही. दिल्लीचे आर. एन. अग्रवाल आणि मुंबई उच्च न्यायालयाचे उ. रा. ललित. ललित परत वकिलीला लागले. त्यांचा मुलगा उदय २०२२मध्ये सरन्यायाधीश झाला, ७४ दिवसांसाठी. यावर कुणी कादंबरी लिहिली नाही, याचं मला कादंबऱ्या वाचणारी म्हणून नवल वाटतं.

त्याच सुमाराचं निवडणुकीचं उदाहरण तर अगदी उघडं आहे. एप्रिल १९७६मध्ये एच. आर. खन्ना यांनी एडीएम जबलपूर खटल्यात एकट्यानं विरोधी निकाल लिहिला: आणीबाणीतही सरकार कुणाला कायद्याबाहेर डांबू शकत नाही. १८ जानेवारी १९७७ला निवडणूक जाहीर झाली. दहाच दिवसांत सरन्यायाधीश अजितनाथ राय निवृत्त होत होते, ज्येष्ठतेनं जागा खन्नांची होती. ती मिर्झा हमीदुल्ला बेग यांना दिली गेली. खन्नांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये मतदान झालं. सरकार पडणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पडण्याआधी ती जागा भरून टाकण्याइतकी जाग होती. खन्नांना का डावललं याची कारणं तेव्हाही ठाम मांडली गेली नाहीत. त्यांचा निकालच कारण होता हे मात्र सगळ्यांना कळलं. न सांगितलेलं कारण लोक स्वतः भरून काढतात, आणि त्यात सहसा चुकत नाहीत असं त्यांना वाटतं. तिथूनच अडचण सुरू होते.

कॉलेजियम आलं ते याच अनुभवातून. १९९३च्या निकालानं नेमणुकीत न्यायाधीशांचा शब्द शेवटचा ठरवला, सरकारच्या हातून खुर्च्या सोडवायला. २०१४मध्ये संसदेनं राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, १६ ऑक्टोबर २०१५ला तो चार विरुद्ध एक मतानं रद्द झाला. तेव्हा वेगळं मत लिहिणाऱ्या न्या. चेलमेश्वर यांची मुख्य तक्रार अपारदर्शकतेची होती. ऑक्टोबर २०१७पासून कॉलेजियमचे ठराव जाहीर व्हायला लागले ते या टीकेनंतर. म्हणजे ज्या लिखाणाचं मी परीक्षण करतेय तो साहित्यप्रकार जेमतेम आठ वर्षांचा. सुरुवातीचे ठराव बोलके होते. कुणाचं नाव का घेतलं, का नाही घेतलं, दोन-तीन परिच्छेद असत. पुढे ते आकसत गेले. मधेच जानेवारी २०२३मध्ये एकदम वाचा फुटली, आणि तेव्हाचे कायदामंत्री किरेन रिजिजू यांनी गुप्तचर यंत्रणांची टिपणं उघड केल्याबद्दल जाहीर नाराजी दाखवली. पुढे कधीतरी पुन्हा एका वाक्याचे ठराव.

गप्प राहण्यालाही कारण आहे, हे मी मानते. एखाद्याला का नाकारलं हे छापलं तर त्याची वकिली बुडते, जिल्हा न्यायाधीश असेल तर उद्या त्याच्यासमोर कोण मान लववेल? हे मला पटतं. पण ते नाकारण्याला लागू आहे. ज्यांना घेतलं त्यांच्याबद्दल 'हा मुद्दा आमच्यासमोर आला, आम्ही तो असा पाहिला, सबब नाव मंजूर' असं लिहिण्यात कुणाची अब्रू जाते?

अमेरिकेत हे सगळं टीव्हीवर होतं, असं म्हणणारे आहेत. होतं खरं. २६ ऑक्टोबर २०२०ला, अध्यक्षीय निवडणुकीला आठ दिवस असताना, एमी कोनी बॅरेट यांना सिनेटनं ५२ विरुद्ध ४८ मतांनी मान्यता दिली. त्याआधी कित्येक तास प्रश्नोत्तरं. ती ऐकली तर कळतं की तिथले उमेदवारही काहीच न सांगण्यात तरबेज असतात. तो तमाशा इथे यावा असं मला वाटत नाही. मला चार ओळी हव्या आहेत.

त्या चार ओळींच्या फार जवळ आपण येऊन गेलो, हे मला शेवटी सापडलं आणि ते मला सगळ्यात बोचलं. ५ मे २०२५ला, म्हणजे पालिका निवडणुकांच्या त्या आदेशाच्या आदल्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं नेमणुकीची सगळी प्रक्रिया आणि नोव्हेंबर २०२२पासून मंजूर केलेल्या नावांचा तक्ता जाहीर केला. चांगलं काम आहे, मोबाईलवर आडवं करून वाचता येतं. कुठलं उच्च न्यायालय, वकिलीतून की न्यायसेवेतून, शिफारस कधी, अधिसूचना कधी, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक की महिला. आणि एक रकाना असा: आजी किंवा माजी न्यायाधीशाशी नातं आहे का. हा रकाना कुणीतरी विचार करून घातला. भाचा, मुलगी, सून असेल तर लोकांना कळावं, एवढं मान्य केलं. पक्षात पद होतं का, यासाठी रकाना नाही. नातं सांगायचं ठरवलं तेव्हा हाही प्रश्न टेबलावर आला असेल का? तक्त्यावरून कळत नाही.

काका त्या दिवशी पैसे घेताना म्हणाले, "रकाना काढाले किती वेळ लागते? मी काढून देतो." आणि हसले. प्रिंटरची शाई संपत आली होती, तक्त्याची शेवटची दोन पानं फिकी निघाली.

घरी आले तेव्हा लाइट गेलेली. आई ओट्यावर होती. मी फोनच्या उजेडात तिला जानेवारी २०२३चा कागद मराठीत वाचून दाखवला. सरकार काय म्हणालं, मग जज लोक काय म्हणाले, मग परत सरकारच्या कुठल्या मुद्द्याला काय उत्तर. ती मन लावून ऐकत होती. एका ठिकाणी तिनं थांबवून विचारलं, "म्हन्जे त्याइनं इचार केला." मी म्हटलं, हो, केला.

"आन् हे दुसरं?"

मी तीन नावं वाचली.